‘अलार्म वेन्ट ऑफ’ : वाजला की बंद पडला? पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकीचं निवारण

तक्रार

दर जूनला नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहितो, ‘द अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह’, आणि अर्थ विचारतो. वर्ग जवळजवळ एका सुरात सांगतो, “पाचला गजर बंद पडला, सर.” दोघं-तिघं गप्प असतात. त्यांना काहीतरी खटकलेलं असतं, पण एवढ्यांच्या विरोधात तोंड उघडायचं कामून, असा त्यांचा हिशेब. खरा अर्थ बरोबर उलटा आहे. पाचला गजर वाजला.

चूक एकदाच होऊन थांबली असती तर हे लिहायला बसलो नसतो. ती परत परत येते. आज समजावून सांगितलं, वहीत उतरवून दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पंधरा दिवसांनी ‘हिज फोन वेन्ट ऑफ ड्युरिंग द इंटरव्ह्यू’ दिलं की पुन्हा तेच: “मुलाखतीत त्याचा फोन स्विच ऑफ झाला.” परभणीत मी संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतो. समोरची मुलं कुणी कृषी विद्यापीठातली, कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी, कुणी पाथरी, मानवत, जिंतूरहून एसटीनं ये-जा करणारी. डोकं कुणाचंच कमी नाही. म्हणजे दोष मुलांत नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

ज्यांची परीक्षा उद्यावर आली आहे त्यांच्यासाठी उपाय आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मी गोष्टीत रमणार आहे. वाक्यात ‘वेन्ट ऑफ’ दिसलं की एकच प्रश्न विचारा: त्या क्षणाच्या आधी ती वस्तू चालू होती, की दबा धरून बसली होती? चालू असलेली वस्तू ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे बंद झाली. दबा धरून बसलेली ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे सुटली. मग ती वाजली असेल, उडाली असेल किंवा फुटली असेल. पंखा चालू होता, तो बंद झाला. गजर रात्रभर टपून बसला होता, तो वाजला. ज्यांना एवढ्यावर भागतं त्यांनी अभ्यासाला लागावं.

हाच घोळ मी भट्टीवर घातला होता

शिकवायला लागण्याआधी मी वाळूजच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. हीट ट्रीटमेंटचा विभाग. गिअर भट्टीत लाल करायचे आणि तेलाच्या टाकीत बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. टाकीतल्या तेलाचं तापमान हद्दीबाहेर गेलं की पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. तेल प्रमाणाबाहेर तापणं म्हणजे आगीला आवतण, त्यामुळे हा भोंगा कुणी हसण्यावारी नेत नाही.

एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. कूलरचा पंप पाहिला. गाळणी तुंबली होती. ती काढून साफ केली, पंप पुन्हा लावला. अर्ध्या तासात तेल ताळ्यावर आलं आणि दोन चाळीसला भोंगा आपोआप थांबला. मी हात पुसले, चहा घेतला आणि लॉगबुकात ऐटीत इंग्रजी नोंद केली: ‘२.४०, ऑइल टेम्परेचर अलार्म वेन्ट ऑफ. नो ॲक्शन रिक्वायर्ड.’ दोन दहाची नोंद करायची राहून गेली होती. त्या वेळी हात कोपरापर्यंत तेलात होते.

मशीन जर्मन बनावटीचं होतं आणि त्याच्या नोंदींची पानं सकाळी स्कॅन होऊन जर्मनीला जात. तिथल्या सर्व्हिस इंजिनिअरनं काय वाचलं? रात्री दोन चाळीसला तेल तापल्याचा भोंगा वाजला, आणि ड्युटीवरच्या माणसानं काही करायची गरज नाही असं ठरवलं. दुपारी तिकडची सकाळ झाली आणि तासाभरात भट्टी थांबवायचा निरोप आला. इन्चार्ज साहेबांनी मला खोलीवरून झोपेतून उठवून आणलं.

“अरे बाबा, भोंगा बोंबलतोय आणि तू नो ॲक्शन लिहितोस? चहा पीत बसला होतास का?”

चहाचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी शपथेवर सांगतोय की भोंगा बंद झाला असंच लिहिलंय, आणि साहेब सांगताहेत की वाजला असं लिहिलंय. दोघांचंही बोट एकाच शब्दावर. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असं आमच्याकडे मिश्या पिळून म्हणतात; त्या दुपारी या दोघांची गाठ एका ‘ऑफ’वर पडली. भट्टी चार तास उभी राहिली.

दोष कुठे आहे

‘ऑफ’ हा शब्द आपण पुस्तकातून शिकतच नाही, तो आपल्या बोटांत असतो. शेतातल्या स्टार्टरचं लाल बटन दाबलं की मोटार ऑफ. मिक्सर ऑफ, टीव्ही ऑफ, फोन स्विच ऑफ. अक्षरओळख व्हायच्या आधी ‘ऑफ म्हणजे बंद’ हे पक्कं झालेलं असतं. त्यावर शाळेत ‘गो म्हणजे जाणे’ येतं. आणि मराठवाड्यात ‘जाणे’ हे क्रियापद सगळ्यात जास्त कशासाठी वापरलं जात असेल, तर विजेसाठी. डीपीवरचा डीओ (फ्यूज) उडाला, वादळात तार तुटली, थ्री फेजची पाळी बदलली, कारण काही असो, वाक्य एकच: लाइट गेली. ‘गेली’ म्हणजे बंद, ‘ऑफ’ म्हणजेही बंद. मग ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे दुप्पट बंद, यात मुलांचं काय चुकलं?

त्यात भर म्हणजे ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ या वाक्याला हे गणित बरोबर उत्तर देतं. लाइट गेली, बरोब्बर. विद्यार्थ्याला वाटतं, किल्ली सापडली. तीच किल्ली तो अलार्मला लावतो आणि कुलूप उघडलं की नाही हे बघतसुद्धा नाही.

हा त्रास फक्त आपल्याला होतो असं समजू नका. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन यानं १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं आहे की क्रियापदामागे छोटासा शब्द जोडून अर्थ फिरवायची जी खोड इंग्रजीला आहे, तिचाच परक्या माणसाला सर्वांत जास्त जाच होतो. या खोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापून रूढ केलं लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यानं, १९२५ मध्ये. म्हणजे दुखणं आधीचं, नाव नंतरचं.

जे उपाय चालले नाहीत

पहिली दोन वर्षं मी भिंतीवर तक्ता लावला होता. ‘गो ऑफ’ : वाजणे, स्फोट होणे, बंद होणे, नासणे, निघून जाणे, झोप लागणे, नावड निर्माण होणे, पार पडणे, भडकणे. नऊ अर्थ, नऊ वाक्यं, रंगीत खडूंनी. मुलांनी ते पाठ केले आणि क्रमानं म्हणूनही दाखवले. परीक्षेत मात्र नऊतला कोणता घ्यायचा हे कळेना, मग सवयीचा ‘बंद’ उचलला. तक्ता आता जिन्याखाली आहे.

मोबाइलवरच्या भाषांतराचंही तेच. पूर्ण वाक्य घातलं तर बऱ्याचदा ठीक येतं. पण मुलं पूर्ण वाक्य घालत नाहीत, नुसतं ‘गो ऑफ’ घालतात आणि वर जे पहिलं येईल ते घेतात. हे म्हणजे डॉक्टरला फोन करून “दुखतंय” एवढंच सांगून फोन ठेवण्यासारखं आहे.

चालला तो उपाय

तो सापडायला त्याच जर्मन इंजिनिअरचे पाय कारखान्याला लागावे लागले. भट्टीच्या प्रकरणानंतर सहा-सात महिन्यांनी तो सर्व्हिससाठी वाळूजला आला. स्वभावानं सरळ माणूस. कॅन्टीनमध्ये त्यानं स्वतःहून तो विषय काढला आणि हसत म्हणाला की आमच्या भाषेत हा घोळ होतच नाही. भोंग्यासाठी आमचा शब्द ‘लोसगेएन’ आणि दिव्यासाठी ‘आउसगेएन’. दोन्हीकडे ‘गेएन’ म्हणजे जाणे. ‘आउस’ म्हणजे बाहेर, संपलेलं, विझलेलं. दिव्याचं कळलं. पण ‘लोस’ म्हणजे काय?

त्यानं टेबलावर पडलेली खोक्याची सुतळी उचलली. तिला सैल गाठ मारली, माझ्यासमोर धरली आणि एक टोक ओढलं. गाठ निसटली. “लोस,” तो म्हणाला.

“सुटलं की!” मी मराठीतच म्हणालो.

तक्ता काढल्यापासून मी ती सुतळी आठवून ‘गो ऑफ’ शिकवतो आणि पहिल्या दिवशी ‘बंद’ हा शब्द वर्गात उच्चारतच नाही. तो दिवस पूर्ण ‘सुटणे’वर घालवतो. कारण आपल्या भाषेत असं एक क्रियापद हयात आहे जे या इंग्रज पठ्ठ्याच्या तोडीस तोड आहे, आणि मुलांना ते आईच्या दुधासोबत मिळालेलं आहे. शाळा सुटली. वारं सुटलं. नळाला पाणी सुटलं. तोंडाला पाणी सुटलं. पोट सुटलं. कोडं सुटलं. एसटी सुटली. बाण सुटला. नोकरी सुटली. फोडणीचा वास सुटला.

आता नीट बघा. शाळा सुटली म्हणजे संपली. वारं सुटलं म्हणजे सुरू झालं. उलट अर्थ, एकच क्रियापद, आणि आजवर एकाही मराठी पोराला ‘वारं सुटलं’ ऐकून वारा थांबला असं वाटलेलं नाही. कामून? कारण आपण ‘सुटणे’ वेगळं ऐकतच नाही. कोण सुटलं ते आधी ऐकतो. शाळा दिवसभर भरलेली होती, ती सुटली म्हणजे मोकळी झाली. वारा कुठेतरी अडून बसला होता, तो सुटला म्हणजे वाहू लागला. चालू होतं की अडलेलं होतं, हा प्रश्न आपण मराठीत रोज, न कळत, विचारतच असतो. इंग्रजीत तो मुद्दाम विचारायचा, एवढाच फरक.

‘ऑफ’चा जुना अर्थही याच बाजूचा आहे. ‘ऑफ’ (off) आणि ‘ऑव्ह’ (of) हे मुळात एकच शब्द. अर्थ ‘पासून’, ‘वरून दूर’. पुढे उच्चारानुसार दोन झाले आणि सतराव्या शतकात त्यांची स्पेलिंगंही वेगळी स्थिरावली. विजेचं बटन जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘ऑफ’ मुळात ‘जागेवरून निसटलं’ हे सांगत होतं. चप्पल पायातून काढा, ‘ऑफ’. गाडीवरून पडला, ‘ऑफ’. बंदूक सुटली, ‘वेन्ट ऑफ’.

गजराचं तर डोळ्यांनी दाखवता येतं. जुन्या बाजारातून मी एक चावीचं घड्याळ आणलं आहे, डोक्यावर दोन घंटा असलेलं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात घेऊन जातो आणि मागचं झाकण उघडतो. आत दोन कमानी असतात: एक वेळेची, दुसरी गजराची. गजराची कमान चावी देऊन आवळली की ती सुटायला धडपडत असते, पण एक छोटा खटका तिला अडवून धरतो. मुलांना मी हातानं काटा फिरवायला लावतो. काटा गजराच्या वेळेवर आला की खटका बाजूला सरकतो, कमान सुटते आणि मधली हातोडी दोन्ही घंटांवर थडाथड आपटायला लागते. मागच्या बाकावरची मुलं दचकतात. “काय झालं आता?” मी विचारतो. “सुटली, सर!” इथे वर्गाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

जाता जाता: ‘गजर’ म्हटलं की आपल्याला आधी दिंडी आठवते, टाळ-मृदंग आठवतात. इंग्रजांचा ‘अलार्म’ मात्र इटालियन शिपायांच्या आरोळीतून आला. अर्थ, शस्त्रं उचला! सकाळी साडेपाचला तो तसाच ऐकू येतो, हे कबूल करावं लागेल.

दिव्याच्या दोन तऱ्हा

प्रश्न कळला की नाही हे तपासायला मी दोन वाक्यं शेजारी ठेवतो. ‘द लाइट वेन्ट ऑफ’ आणि ‘द फ्लॅश वेन्ट ऑफ’. दोन्ही दिवेच. पहिला विझला, दुसरा लखकन पेटला. तक्ता पाठ करणारा इथे हमखास पडतो, कारण तक्त्यात ‘दिवा : बंद’ असं लिहिलेलं असतं. प्रश्न विचारणारा पडत नाही. खोलीतला दिवा जळत होता. कॅमेऱ्याचा फ्लॅश बटन दाबायची वाट बघत होता.

त्याच चालीवर गाडीची एअरबॅग, आगीच्या वेळी छतातून पाणी मारणारे स्प्रिंकलर, धूर ओळखणारं यंत्र, फटाका, बॉम्ब, फोनची रिंग ही सगळी टपून बसलेली मंडळी. पंखा, एसी, टीव्ही, रस्त्यावरचे दिवे ही चालू असलेली. वीज स्वतःही त्यातच: ‘द पॉवर वेन्ट ऑफ’ म्हणजे लाइट गेली, इथे आपलं जुनं गणित बिनधास्त वापरा.

न जुमानणारी वाक्यं

आता प्रश्नाच्या मर्यादा. दूध ना चालू असतं ना दबा धरून बसतं. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ याचं भाषांतर एका मुलीनं केलं, “दूध उतू गेलं.” मला ते उत्तर फार आवडलं, सुटलं म्हणजे भांड्याबाहेर सुटलं, असा तिचा विचार. पण उतू जाणं हे इंग्रजीत ‘बॉइल ओव्हर’. इथे दूध नासलं आहे. दूध, मासे, मटण, शिळं वरण असल्या गोष्टी ‘गो ऑफ’ होतात, म्हणजे आपल्या चांगल्या अवस्थेवरून ढळतात. पाव मात्र ‘स्टेल’ होतो. ही बोली ब्रिटिश आहे. अमेरिकन माणूस ‘गो बॅड’ म्हणेल. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो, सकाळचं वरण संध्याकाळची वाट बघत नाही, त्यामुळे उदाहरणांची टंचाई पडत नाही.

याच्या पुढची पायरी मुलांना सगळ्यात परकी वाटते: ‘आय हॅव गॉन ऑफ टी.’ मी चहावरून खाली पडलो? मी चहा बंद पडलो? नाही. मला चहा आवडेनासा झाला आहे. ‘शी हॅज गॉन ऑफ हिम’ म्हणजे तो तिच्या मनातून उतरला. हीसुद्धा ब्रिटिशांचीच लकब. आणि गंमत अशी की दूध बिघडणं आणि मन फिरणं ही दोन कामं इंग्रजी जशी एका क्रियापदाकडून करून घेते, तशी मराठीही घेते. वरण विटलं. जीव विटला. दोन्हीकडे ‘विटणे’. फटाक्याचं बघायचं तर ‘उडणे’ घ्या: फटाका उडाला, रंग उडाला, चहावरून मन उडालं. मुलं हे ऐकून एकमेकांकडे बघतात. इतकी वर्षं बोलतोय आणि लक्षातच आलं नाही, असं तोंड करून. माझंही तेच झालं होतं.

एक खूण लक्षात ठेवा: या अर्थाला ‘ऑफ’च्या पुढे काहीतरी लागतं, टी, मीट, हिम. बाकीच्या बहुतेक अर्थांत ‘ऑफ’नंतर वाक्य थांबलं तरी चालतं. म्हणूनच ‘आय वेन्ट ऑफ द फॅन’ असं लिहू नका. तुम्हाला म्हणायचं असतं ‘मी पंखा बंद केला’, ब्रिटिश माणूस समजतो ‘पंख्यावरून याचं मन उडालं’. बंद करायला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ घ्या. ‘गो ऑफ’ आपलं आपण होतं, कुणी करत नाही.

माणसांचे बाकीचे प्रकार पटकन सांगतो. ‘ही वेन्ट ऑफ टू पुणे’, तो पुण्याला निघून गेला. ‘द बेबी वेन्ट ऑफ टू स्लीप’, बाळाचा डोळा लागला. ‘समवन वेन्ट ऑफ विथ माय अम्ब्रेला’, माझी छत्री घेऊन कुणीतरी पसार झालं. ‘शी वेन्ट ऑफ ऑन मी’, ती माझ्यावर उखडली, हे अमेरिकेकडचं. चारही ठिकाणी ‘जागेवरून सुटला’ हे आत आहेच, शेवटच्यात तर तोंडच सुटलं आहे.

समारंभाचं वेगळं. ‘द वेडिंग वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे लग्न नीट पार पडलं. याला माझ्याकडे छान कारण नाही, पाठ करा. तसं ‘पार पडणे’ तरी परक्याला काय समजावून सांगणार आपण? लग्न पडलं कुठे, आणि पार म्हणजे कशाच्या?

आणि एक खोडसाळ वाक्य आहे, ‘अ लाइट बल्ब वेन्ट ऑफ इन माय हेड.’ अर्थ, डोक्यात एकदम कल्पना चमकली. नियमानं बघाल तर बल्ब विझायला हवा. कडक शिस्तीचे लोक इथे ‘वेन्ट ऑन’ लिहा म्हणून भांडतात, पण बोलण्यात ‘ऑफ’ सर्रास येतं. त्या बल्बला कॅमेऱ्याचा फ्लॅश समजा आणि पुढे चला.

‘इज ऑफ’ आणि ‘वेन्ट ऑफ’

इथे पुष्कळ जण दुसऱ्यांदा घसरतात, तेव्हा जरा थांबतो. ‘द अलार्म इज ऑफ’ : गजर बंद आहे. ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’ : गजर आत्ता वाजतो आहे. मधल्या एका ‘गोइंग’नं शांतता आणि कल्ला यांची अदलाबदल होते. दुधाला मात्र फरक पडत नाही, ‘द मिल्क इज ऑफ’ आणि ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ दोन्ही नासलेलंच. आणि ‘आय ॲम ऑफ’ म्हणजे मी निघालो. ते म्हणणाऱ्याला बंद करायला जाऊ नका.

धुरामुळे गजर वाजला, तर धुरानं तो ‘सेट ऑफ’ केला. हेच ‘सेट ऑफ’ प्रवासाला निघण्यालाही चालतं. पुढे ढकललं ते ‘पुट ऑफ’, रद्द केलं ते ‘कॉल ऑफ’. त्यांच्याकडे पुन्हा केव्हातरी.

माझ्या वर्गात लसीसारखं टोचलेलं एक वाक्य असतं: ‘द अलार्म वेन्ट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.’ गजर वाजला म्हणून मी तो बंद केला. पहिलं ‘ऑफ’ सुटलेलं, दुसरं मिटलेलं. हे वाक्य रोज हजेरीच्या वेळी म्हणायचं, जोर ‘ऑफ’वर. आठवड्यात ‘बंद पडला’ म्हणणारे कमी होतात. सगळे जात नाहीत, खोटं कशाला सांगू.

आणि कारखान्यात, दवाखान्यात, सबस्टेशनवर, जिथे कागदावरच्या शब्दानं कुणी धावत सुटणार आहे, तिथे ‘वेन्ट ऑफ’ लिहूच नका. भोंगा वाजला तर ‘ॲक्टिव्हेटेड’. तो तुम्ही पाहिला आणि पोच दिली तर ‘ॲक्नॉलेज्ड’. कारण दूर होऊन तो थांबला तर ‘क्लिअर्ड’. आणि मधे काय केलं ते वेळेसकट. माझी नोंद अशी हवी होती: ‘२.१०, अलार्म ॲक्टिव्हेटेड. कूलर पंपाची गाळणी साफ केली. २.४०, अलार्म क्लिअर्ड.’ कुणाला त्यात इंग्रजीची ऐट दिसली नसती, आणि मला झोप मिळाली असती.

गेल्या पावसाळ्यात रविवारी सकाळी साडेसातला टेस्ट ठेवली होती. जिंतूरकडचा एक मुलगा आला नाही. नऊच्या सुमारास त्याचा मेसेज आला: “सर, लास्ट नाइट लाइट वेन्ट ऑफ, फोन डिस्चार्ज्ड, सो अलार्म डिडन्ट गो ऑफ. सॉरी.” दोन्ही ‘ऑफ’ बरोबर होते. त्याची टेस्ट मी पुढच्या रविवारी घेतली.